कोठून आले, हे विचारावे काय?

जुनी वस्तू विकत घेताना ती विकणाऱ्याकडे कोठून आली, हे विचारणे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे काय? प्रश्न वरवर लहान दिसतो. भाजी घेताना ती कोणाच्या मळ्यातली, कापड घेताना ते कोणत्या मागावरचे, हे आपण विचारीत नाही, आणि त्याबद्दल आपल्याला कोणी दोषही देत नाही. परंतु काही व्यवहार असे आहेत की त्यांत हा प्रश्न न विचारण्याचीच रीत पडून गेली आहे. मोटारसायकलीचा जुना सुटा भाग घेणे हा त्यांपैकी एक व्यवहार होय. त्याचा विचार करण्यासाठी हैदराबादेतील नामपल्लीचे उदाहरण सोयीचे आहे. दुरुस्ती करणारे मिस्त्री, जुन्या मालाचे बाजार आणि चोरीचे खटले चालविणारी फौजदारी न्यायालये ही तिन्ही येथे एकमेकांपासून फार दूर नाहीत.

प्रथम गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोहोंवर चालेल अशी लहान मोटारसायकल आपल्या देशात फारशी बनली नाही. हीरो कंपनी होंडापासून वेगळी झाल्यावर २०११ साली तिने 'इम्पल्स' नावाची तशी एक गाडी बाजारात आणली. इंजिन सुमारे १५० सीसीचे, तारांची चाके, पुढचे चाक मोठे, बसण्याची जागा उंच, पुढचा मडगार्ड चाकापासून बराच वर. खड्डे, ओढे, शेतरस्ते यांतून ती सहज जाई. तिचा खप बेताचाच राहिला, काही वर्षांत उत्पादन थांबले, आणि २०१९ साली त्याच कंपनीने 'एक्सपल्स २००' ही अधिक मोठी गाडी काढली. पण ज्यांनी इम्पल्स घेतली त्यांपैकी काहींनी ती जिवापाड जपली. सुटीत बिदर किंवा उदगीरकडे गावी जाणाऱ्या, शेवटचे दोन कोस बांधावरून गाडी नेणाऱ्या माणसाला तिची किंमत ठाऊक असते. गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते; म्हणजे २०११ साली नोंदलेल्या गाडीची मुदत २०२६ मध्ये भरते. पुढे ती चालवावयाची तर तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि तपासणीला उभी करावयाची तर गाडी धड असावी लागते.

अशा गाडीचे काही भाग सहज मिळतात आणि काही मिळत नाहीत. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तिचे इंजिन त्याच कंपनीच्या 'हंक' या पुष्कळ खपलेल्या गाडीच्या इंजिनाचे भावंड आहे. म्हणून पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा यांसाठी मालकाला फारसे भटकावे लागत नाही. बेअरिंग तर कोणत्याही एका गाडीचे नसतेच. त्यावर क्रमांक कोरलेला असतो. ६३०१ म्हटले की आतले भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३७ आणि जाडी १२, हे जगभर ठरलेले आहे. ऑइल सीलचेही तसेच, माप सांगितले की मिळते. अडते ते जे भाग फक्त याच गाडीसाठी साच्यातून काढले गेले त्यांच्यापाशी. उंच मडगार्ड, टाकीच्या बाजूची प्लास्टिकची पाने, हेडलाइटचा मुखवटा, पुढचे लांब शॉकअब्सॉर्बर यांना भावंड नाही. गाडी एकदा कुशीवर पडली की मोडतात तेही नेमके हेच. साचा थांबला की शिल्लक माल संपत जातो, आणि मग तो भाग मिळण्याची एकच जागा उरते. ती म्हणजे दुसरी तशीच गाडी.

येथे नैतिक प्रश्न सुरू होतो. एका गाडीला जगवायचे तर दुसरी कोणती तरी गाडी सुटी झालेली असली पाहिजे. ती कशी सुटी झाली?

दुरुस्ती करून वस्तू वापरणे हे चांगले काम आहे, याविषयी दुमत नसावे. चालू शकणारी गाडी भंगारात घालणे म्हणजे तिच्यात गेलेले लोखंड, ॲल्युमिनियम, इंधन आणि माणसांचे श्रम फुकट घालविणे होय. जुन्या गाडीतून उपयोगी भाग काढून ते दुसरीस लावणे हेही त्याच चांगल्या कामाचे अंग आहे. पुतलीबावलीच्या बाजूची दुचाकीच्या भागांची दुकाने, सिकंदराबादेतील राणीगंजचा बाजार, गुरुवारी भरणारा जुम्मेरात बाजार, रविवारचा एर्रागड्डा बाजार, आणि गल्लोगल्लीच्या गॅरेजांतील तेलकट फळ्या यांच्यावर या शहरातील पुष्कळ गरीब माणसांची वाहने चालतात. या बाजारांकडे नाक मुरडणे सोपे आहे. ज्याच्या दाराशी नवी गाडी उभी आहे त्याने ते मुळीच करू नये.

तथापि जुना भाग तीन वाटांनी बाजारात येतो. एक, अपघातात गाडी निकामी झाली आणि मालकाने ती विकली. दोन, गाडी म्हातारी झाली आणि मालकाने ती रीतसर मोडीत काढली. तीन, गाडी उभी होती तेथून कोणी तरी उचलून नेली आणि रात्रीतून तिचे तुकडे झाले. फळीवर ठेवल्यावर तिन्ही वाटांचा माल सारखाच दिसतो. गाडीच्या चौकटीवर आणि इंजिनावर क्रमांक कोरलेला असतो व तो नोंदणीच्या कागदावर असतो. मडगार्डवर असा क्रमांक नसतो. कार्ब्युरेटर, हेडलाइट, चाक, सायलेन्सर यांवरही गाडीची ओळख सांगणारा क्रमांक सहसा नसतो. त्या भागाचा इतिहास सांगणारा एकच कागद उरतो आणि तो म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. आपण तो शब्द मागितलाच नाही तर त्या वस्तूला इतिहासच राहात नाही.

समजा, एका तरुणाला इम्पल्सचा हेडलाइटचा मुखवटा हवा आहे. महिनाभर हिंडल्यावर एका ठिकाणी तो दिसतो. चांगला, न तडकलेला, आणि भाव अपेक्षेच्या चौथाई. तो विचारतो, "भाई, ये कौनसी गाडी का है?" उत्तर येते, "कायकू पूछते साब? माल अच्छा है, लेके जाव." तरुण क्षणभर थांबतो आणि पैसे देतो. त्याने चोरी केली नाही. चोराला तो ओळखत नाही. चोरी झाली होती की नाही हेही त्याला ठाऊक नाही. मग त्याचा दोष काय?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० च्या भारतीय दंड विधानात ४११ व्या कलमाने चोरीचा माल घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे ३१७ वे कलम आले आहे. दोन्हींचा गाभा एकच. माल चोरीचा आहे हे ठाऊक असणे, किंवा तसे मानण्यास कारण असणे, आणि तरीही तो अप्रामाणिकपणे घेणे. यांतील "कारण असणे" या अटीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. कायदा केवळ तुमच्या मनात काय होते एवढेच विचारीत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर काय होते हेही विचारतो. टाकीच्या झाकणाचे कुलूप फोडलेले आहे आणि किल्ली नाही. इंजिनावरचा क्रमांक कानशीने घासलेला आहे. सवडीने गाडी सोडणारा मिस्त्री जेथे वायरचा कपलर हाताने उघडतो तेथे वायर कापलेली आहे. भाव कारणावाचून फार कमी आहे. यांतील एखादी खूण निर्दोष असू शकेल. तीन-चार एकत्र आल्या की ते "कारण" होते.

परंतु कायद्याच्या कक्षेत न येणारी पुष्कळ जागा मनात असते, आणि आपला प्रश्न खरा त्या जागेचा आहे. न जाणणे तीन प्रकारचे असते. पहिल्यात माणूस जाणू शकतच नव्हता. त्याला दोष नाही. दुसऱ्यात त्याला सुचलेच नाही. तो निष्काळजी आहे, पण सांगितल्यास सुधारेल. तिसऱ्यात आपल्याला कळू नये याची त्याने काळजी घेतली. हा तिसरा प्रकार इतर दोहोंसारखा दिसतो, म्हणून फसवा आहे. ज्या खोलीत जायचे नाही तिचे दार कोठे आहे हे माणसाला ठाऊक असावेच लागते. आपल्या तरुणाने प्रश्न विचारला, उत्तर मिळाले नाही, आणि त्याने दुसऱ्यांदा विचारले नाही. कारण दुसऱ्यांदा विचारल्यास मुखवटा सोडून जावे लागेल हे त्याने ओळखले होते. त्याच्या अज्ञानाची किंमत त्याने मनात आधीच मोजली होती. अशा अज्ञानाला निरागसपणा म्हणता येत नाही.

आता आक्षेपांचा विचार करू, कारण ते खरे आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा की, मी विचारल्याने ज्याची गाडी गेली त्याची गाडी परत येणार नाही. मी घेतला नाही तर दुसरा कोणी घेईल. हे खरे आहे. तरी त्या दुसऱ्या माणसाचा क्षणभर विचार करा. मोटारवाहन कायद्याने जो विमा सक्तीचा केला आहे तो त्रयस्थाच्या नुकसानीचा. केवळ तेवढाच विमा उतरविलेल्या मालकाची गाडी चोरीस गेली तर त्याला काही मिळत नाही. गाडी कर्जावर घेतली असेल तर गाडी गेल्यावरही हप्ते राहतात. घरोघर माल पोचविणारा किंवा दूध घालणारा असेल तर त्याचा रोजगारही थांबतो. आपल्याला मुखवटा चौथाई भावात मिळतो तेव्हा उरलेले तीन चतुर्थांश कोणी तरी दिलेले असतात. एकटा मी थांबल्याने चोरी थांबणार नाही; पण ज्या मागणीमुळे उभ्या गाडीपेक्षा तिचे तुकडे अधिक किमतीचे होतात, त्या मागणीत माझा वाटा घालावयाचा की नाही हे माझ्या हाती आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. जुना माल विकणारे बहुतेक गरीब आणि प्रामाणिक असतात. त्यांना "कोठून आणले?" असे विचारणे म्हणजे त्यांच्यावर चोरीचा आळ घेणे नव्हे काय? मोठ्या दुकानाच्या काचेमागे बसलेल्याला आपण असे कधी विचारतो? हा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. संशय नेहमी खाली उतरतो, वर चढत नाही. आणि कपडे पाहून केलेला प्रश्न हा अपमानच असतो. याला उपाय एवढाच की प्रश्न सर्वांना सारखा आणि व्यापाराच्या भाषेत विचारावा. "गाडीचा नंबर काय होता? पावतीवर लिहून द्याल का?" यात पोलिसी काही नाही. कंपनीच्या खोक्यात घातलेला नकली माल मोठ्या दुकानातही असू शकतो. तेथेही खोके, शिक्का आणि पक्की पावती पाहून घ्यावी. जो प्रश्न सर्वांना विचारला जातो त्याने कोणाचा अपमान होत नाही. उलट, ज्या विक्रेत्याने खरोखर अपघाताची गाडी विकत घेऊन तिचे कागद जपून ठेवले आहेत, त्याच्या प्रामाणिकपणाला आजवर बाजारात भाव नव्हता. गिऱ्हाईक विचारू लागले म्हणजे तो येईल.

तिसरा आक्षेप शास्त्र वाचणारे वाचक घेतील. करिंथ येथील मंडळीला लिहिताना पौलाने बाजारातील मांसाविषयी फार खोदून विचारू नये असाच सल्ला दिला होता. मग मडगार्डविषयी एवढी चौकशी कशाला? पण त्या सल्ल्याचे कारण पाहावे. मूर्तीपुढे ठेवल्याने मांसात काही बिघाड होत नाही आणि ते खाल्ल्याने कोणाचे काही जात नाही, अशी त्याची धारणा होती. म्हणून तेथे चौकशी अनावश्यक होती. त्याच जागी तो पुढे दुसऱ्याच्या विवेकासाठी थांबावयास सांगतो. म्हणजे विचारावे की विचारू नये हे शेजाऱ्यावरून ठरते. मांसाच्या बाबतीत न विचारल्याने शेजारी सुखी राहतो. गाडीच्या भागाच्या बाबतीत न विचारल्याने जो नाडला जातो तो शेजारीच आहे.

चौथा आक्षेप व्यवहाराचा. सगळेच विचारू लागले तर जुना भाग मिळणेच बंद होईल आणि चांगल्या गाड्या भंगारात जातील. असे होऊ नये म्हणून इतरांचीही कर्तव्ये आहेत, आणि ती सांगणे न्याय्य होईल. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांच्या आत नोंदणी कचेरीला कळवून नोंदणीचा कागद जमा करावा, असे १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ५५ व्या कलमात आहे. नोंदणीकृत केंद्रात गाडी रीतसर मोडीत काढण्याचे नियम २०२१ साली झाले. पोलीस ठाण्यांच्या आवारात जप्त वाहने वर्षानुवर्षे गंजत ठेवण्यात काही अर्थ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात स्पष्ट सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून उत्पादकांची माहिती एकत्र देणारी व्यवस्था सुरू केली आणि तीत वाहनांचाही समावेश केला. हे सर्व नीट अमलात आले तर सचोटीची वाट रुंद होईल. जो कारखाना गाडी विकतो त्याने ती रस्त्यावर असेपर्यंत तिचे भाग पुरविण्याचा विचार करावा, ही अपेक्षाही अवाजवी नाही. सचोटीची वाट अरुंद ठेवली की दुसऱ्या वाटेवर गर्दी होते. तरीही कारखान्याने आपले काम केले नाही म्हणून दूधवाल्याची गाडी तोडलेली मला चालेल, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

मग जुन्या गाडीच्या मालकाने करावे तरी काय? माझ्या मते चार गोष्टी.

पहिली, आहे तोच भाग दुरुस्त होतो का हे आधी पाहावे. तडकलेले प्लास्टिक आतून तारेची जाळी देऊन सांधता येते. मोडलेला कान फायबरचा करून बसविता येतो. वाकलेली पट्टी लेथवाला सरळ करून देतो. चांगल्या मिस्त्रीला हे येते, आणि त्याच्या हाताला यात योग्य मोल मिळते. डाग दिसेल, पण तो डाग आपलाच असेल.

दुसरी, थांबण्याची तयारी ठेवावी. बहुतेक वेळा माणसाला चोरीकडे ढकलते ती गरिबीपेक्षा घाई. मुखवट्यावाचून गाडी कुरूप दिसते. दिवा नीट बसविला असेल तर ती चालते. जो भाग सुरक्षिततेचा आहे आणि जो केवळ शोभेचा आहे, यांत फरक करावा. ब्रेक, दिवा, चाक यांसाठी थांबावयाचे ते गाडी घरी उभी ठेवून.

तिसरी, विचारावे आणि लिहून घ्यावे. किती खोल विचारावे यालाही माप आहे. नट, बोल्ट, रबरी बूच यांचा वंशवृक्ष विचारणे हास्यास्पद होईल. टाकी, चाक, शॉकअब्सॉर्बर, कार्ब्युरेटर, सायलेन्सर यांसाठी गाडीचा नंबर आणि विकणाऱ्याचे नाव असलेली पावती मागावी. इंजिन बदलावयाचे असेल तर कागदाशिवाय हात लावू नये, आणि बदल नोंदणी कचेरीत नोंदवावा. वस्तू जितकी मोलाची आणि तिच्यामागे दुसऱ्याचे नुकसान असण्याचा संभव जितका मोठा, तितकी चौकशी अधिक. उत्तर मिळाले नाही तर भाग तेथेच ठेवून यावे. येथे त्याग आहे, हे कबूल केले पाहिजे. महिनाभर शोधलेली वस्तू हातात धरून खाली ठेवणे सोपे नसते.

चौथी गोष्ट आपण क्वचितच करतो. आपली स्वतःची गाडी निकामी होईल तेव्हा ती कोणा अनोळखी माणसाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. नोंदणी रद्द करवून घ्यावी, आणि भाग विकले तर कोणत्या गाडीचे व कोणाकडून, हे दोन ओळींत लिहून सहीनिशी द्यावे. पुढे कोणी तरी नामपल्लीच्या एखाद्या गॅरेजात तोच प्रश्न विचारील, आणि मिस्त्री खणातून तो कागद काढून दाखवील.

मिस्त्रीचाही येथे मोठा वाटा आहे. मालक वर्षातून एखादा भाग घेतो. मिस्त्री रोज घेतो. "कोठून मिळाला ते विचारू नका, लावून देतो" असे म्हणणारा मिस्त्री मालकाला उपकारकर्ता वाटतो, पण मालकाच्या विवेकाचे ओझे तो परस्पर उचलतो आहे असे समजू नये. ते ओझे मालकाचेच राहते. आणि गॅरेजात पाना हातात धरून बाजूला उभा असलेला शिकाऊ मुलगा हा व्यवहार पाहात असतो. धंद्यात कोणते प्रश्न विचारतात आणि कोणते विचारीत नाहीत, हे तो यातून शिकतो. पिस्टनच्या रिंगा कशा बसवाव्यात हे त्याला उस्ताद शिकवील. हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, हे मात्र त्याला गिऱ्हाइकाकडूनच कळणार आहे.